डावीकडून तिसरी बरणी

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या नवऱ्याने गोठवलेले मटार खोक्यातून न काढता, खोक्यासकट उकळत्या पाण्यात सोडले आणि पुठ्ठ्याचा लगदा झाल्यावर 'हे असेच दिसतात का?' म्हणून वर तुलाच विचारलं, हे वाचून मी एकटीच बराच वेळ हसले. तू विचारतेस की एवढा शिकलेला माणूस असं कसं करू शकतो, आणि आजोबाही असेच होते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होते. पण तू आज हसतेस तशी मी तेव्हा हसले नव्हते. ते का, हे तुम्हा सगळ्या भावंडांसाठी एकदा लिहून ठेवते. पत्र लांबेल. तू वाचून झाल्यावर बाकीच्यांकडे पाठव.

मी सोलापूरच्या घरात आले ती दुसरेपणावर. तुमच्या आजोबांची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. मूल नव्हतं. घरात ते आणि त्यांच्या विधवा आत्याबाई, अशी दोनच माणसं. ते हायस्कुलात गणित शिकवत. मी पुण्याला मॅट्रिक झाले होते, इंग्रजी कादंबरी कोश न उघडता वाचत होते, आणि वय एकोणीस, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने घोडनवरी. लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर पहिलीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक घातला. दुसरेपणाच्या बायकोने सवतीला असं गळ्यात वागवायचं, अशी रीत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाचा कसला मत्सर करायचा, असं मी मनाशी अगदी इंग्रजीत म्हटल्याचं आठवतं.

आल्यावर पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघर लावायला घेतलं. मधल्या फळीवर पाच चिनी मातीच्या बरण्या होत्या. पांढऱ्या, तपकिरी गळ्याच्या, पाचही एकसारख्या. पहिलीने त्या गड्ड्याच्या जत्रेतून आणल्या होत्या. आत काय आहे ते बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता. मी त्या रिकाम्या केल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि वर्णमालेच्या क्रमाने भरल्या: गूळ, डाळ, मीठ, रवा, साखर. वहीचे कागद चौकोनी कापून, खळीने चिकटवून, प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. खडेमीठ मला आवडत नसे, म्हणून ते कांडून, वस्त्रगाळ करून भरलं. मग दारात उभी राहून फळीकडे पाहिलं. हे घर आता माझं झालं, असं मला वाटलं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा पाळीचे तीन दिवस बाई बाजूला बसत असे. कशाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, ओटीच्या कोपऱ्यात त्यासाठी एक वेगळी चटई होती. आत्याबाईंचे हात संधिवाताने आखडलेले. भाकरी त्या कशीबशी थापत, पण सकाळी आठपर्यंत त्यांची पूजा चाले. त्यामुळे त्या तीन दिवसांत सकाळचा चहा तुमचे आजोबा करत, आणि आत्याबाईंच्या हाताखाली बाकीची उचलठेवही तेच करत. मी चटईवरून नुसतं पाहायचं. स्वयंपाकघरात चूक होताना दिसते आहे आणि आपल्याला उठता येत नाही, याहून मोठी शिक्षा माझ्यासारख्या बाईला नाही.

पहिल्या महिन्यातली ती सकाळ. गिरणीचा भोंगा झाला, त्यांनी शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, फळीकडे वळले आणि सरळ मधली बरणी उचलली.

"अहो, ती नव्हे! शेवटची!"

"साखरच घेतोय की."

"ते मीठ आहे. चिठ्ठी वाचा."

"साखर काय वाचून घ्यायची असते?" असं म्हणत त्यांनी चार चमचे घातलेसुद्धा.

आत्याबाई पूजा आटोपून आल्या, पहिला घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. "अगं बाई! ह्यात काय समुद्र वतला का काय?"

ते हसले, मीही हसले. गणिताच्या माणसाचं लक्ष नसतं, असं मी धरून चालले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी चटईवरून ओरडते आहे, 'अहो, पाचवी, पाचवी,' आणि त्यांचा हात मुकाट तिसरीवर. चूक कळली की कपाळाला हात लावायचे, म्हणायचे, "तू लिहून ठेवलंयस, नाही का!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या महिन्यात आत्याबाईंनी पिठल्यासाठी बेसन मागितलं, तर यांनी खालच्या फळीच्या टोकाचा डबा काढून दिला. त्यात माझी शिकेकाई होती. डब्यावर 'शिकेकाई' लिहिलं होतं. आत्याबाईंना कमी दिसे. पिठल्याला फेस यायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळ, हे पिठलं हाय का न्हाणीघर?"

मी मात्र त्या दिवशी चिडले. ते शाळेत गेल्यावर मी आत्याबाईंना म्हणाले, "पोरांना भूमिती शिकवतात, आणि घरात पाच शब्द वाचवत नाहीत!"

"त्याला कशाला बोलतेस?" आत्याबाई पितळी घासत म्हणाल्या. "पहिलीला अक्षर येत न्हवतं की. तीबी हितंच बसायची, ह्याच चटईवर. 'डावीकडनं तिसरी, अहो, डावीकडनं तिसरी!' असं वरडून सांगायची. 'बेसन खालच्या फळीला, टोकाला!' पाच वर्षं तेच ऐकलंय त्यानं. हातात बसलंय ते आता."

मी खाली पाहिलं. चटईचा एक कोपरा झिजला होता. माझ्या आधी कुणीतरी तिथे टाच टेकवून बसलं होतं.

त्या दिवसापासून मला मत्सर काय असतो ते कळलं. नुसती आठवण असती तर मी ती सोसली असती. माणूस आठवण काढतो, उसासा टाकतो, पुन्हा कामाला लागतो. तुमच्या आजोबांनी तिचं नाव माझ्यासमोर एकदाही काढलं नव्हतं. पण त्यांच्या हातात ती होती, आणि हाताशी भांडण कसं करायचं? त्यांच्या प्रत्येक चुकीत मला आता तिचा आवाज ऐकू यायला लागला. मी तर त्यांच्या चुकांवरून तिचं सगळं स्वयंपाकघर मनात पुन्हा लावलं. चुकून जिथे हात जाई, तिथे तिचं काहीतरी होतं. डाळ पहिली, रवा दुसरा, साखर तिसरी, गूळ चौथा, मीठ पाचवं. हळदीचा डबा खिडकीत. तिखट चुलीमागे. मी ती बाई पाहिली नव्हती, पण तिची फळी मला तोंडपाठ झाली. आणि मला एकच हवंसं वाटू लागलं. लुगडं नको, दागिना नको. त्यांचा हात एकदा तरी, न सांगता, न वाचता, माझ्या बरणीवर जावा.

तुम्ही म्हणाल, मग साखर तिसरीत भरायची. सोपं होतं. तेही एकदा म्हणालेच, अगदी सरळ मनाने.

"अगं, तिसरीतच ठेव ना साखर. काय बिघडलं?"

"वर्णक्रम बिघडतो," मी म्हणाले.

"बरण्यांना कुठे परीक्षेला बसायचंय?"

"मला बसायचंय."

त्यांना काही कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी बरण्या हलवल्या नाहीत. महिन्यातले तीन दिवस आम्ही खारट चहा पीत राहिलो. ते चूक करून, आत्याबाई कुरकुरत, आणि मी हट्टाने.

डब्यांची तऱ्हा तर आणखीच विचित्र होती. पहिल्या दिवाळीला माझ्या भावाने मुंबईहून तीन विलायती डबे पाठवले. एकात घट्ट गोड दूध, एकात अननस, एकात मटार. मी ते नवलाने मांडून ठेवले. चार दिवसांनी हेडमास्तर जेवायला यायचे होते. शिऱ्यात अननस घालायचा बेत होता. सकाळी पाहते तर तिन्ही डबे न्हाणीच्या बादलीत बुडवलेले, आणि तुमचे आजोबा त्यांच्यावरचे रंगीत कागद नखाने सोडवत बसलेले. अगदी अलगद, फाटू नये म्हणून ओठ मुडपून.

"अहो, हे काय करताय?"

"कागद काढतोय."

"कशाला?"

ते थांबले. त्यांनी हातातल्या ओल्या कागदाकडे पाहिलं. "कशाला म्हणजे... काढायचे असतात ना?"

तीन नागवे डबे फळीवर उभे राहिले. हलवून ऐकलं, वजन पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक आणलं, त्याच्या टोकाने एक डबा टोचत टोचत अर्धा गोल फोडला, आणि आतून मटार निघाले. आत्याबाई लांबून म्हणाल्या, "विलायती डबा माझ्या चुलीपासनं लांबच ठेवा." हेडमास्तरांनी साधा शिरा खाल्ला.

चहाच्या पुड्याचंही तसंच. जगातला प्रत्येक माणूस पुडा वरून उघडतो. हे उलटा करून बुडातून कापत. निम्मी पूड जमिनीवर सांडे, पण वरचा छापील कागद अखंड राही. तो सपाट करून ते कुठेतरी ठेवून देत. कुठे, ते मला माहीत नव्हतं. त्या चुकांमागे तरी ती नसावी, असं मला वाटत होतं. निरक्षर बाईला कागदाचं काय?

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांचा तो दिवस. पहिलीच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, आणि हे सगळं मी करायचं. मी आत्याबाईंना विचारून तिच्या आवडीचं केलं: शेंगदाण्याच्या पोळ्या, दोडक्याची भाजी. मनात म्हटलं, घे, जेव, आणि आता तरी जा. पान वाढून मी पाणी आणायला आत गेले. परतले तर पानाशेजारी, ओटीच्या खणावर, चहाच्या पुड्याचा एक घडी केलेला कागद होता. तुमचे आजोबा ओटीवर पाठमोरे उभे होते.

सवाष्ण जेवून गेल्यावर मी तो कागद उलगडला. छापील बाजूला कंपनीचं नाव मराठीत आणि इंग्रजीत. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने तीच अक्षरं काढलेली, वेडीवाकडी, ओळीवरून खाली घसरणारी. 'च'ची शेपूट उलटी. मग सुलटी. मग पाच वेळा सुलटी.

"आत्याबाई, हे काय?"

"तिची पाटी." आत्याबाई खाली बसल्या. "तिला लई लाज वाटायची. मास्तराची बायको, आन अक्षर न्हाई. पाटी आणली तर शेजारणी हसतील म्हणाली. मग हा काय करायचा, पुड्यावरचे, डब्यावरचे कागद जपून काढायचा आन तिला द्यायचा. दुपारी धान्य निवडता निवडता गिरवायची. कागद फाटला तर रुसायची. 'च' झाला, 'ह' झाला, 'सा'पर्यंत आली होती. तेवढ्यात ताप आला."

मी कागदाची पुन्हा घडी घातली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिची कीव यायला हवी होती. कोणत्याही चांगल्या बाईला आली असती. मला आली नाही. माझ्याकडे एकच गोष्ट तिच्याहून जास्त आहे असं मी समजत होते, ती माझं शिक्षण. आणि आता कळलं की त्या शिक्षणानेच मला हरवलं होतं. तिला त्यांनी बोट धरून 'च' शिकवला. माझ्याकरता त्यांना शिकवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी आयती शिकून आले होते. माझ्यासाठी कुणी डब्यावरचा कागद ओठ मुडपून सोडवणार नव्हतं.

ते आत आले तेव्हा मी म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "तुला येतं की सगळं."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. 

पुढच्या वर्षी तुमचा बाप माझ्या पोटात आला. बाजूला बसणं थांबलं, त्यामुळे खारट चहाही थांबला. आठव्या महिन्यात मी बाळंतपणाला पुण्याला गेले. निघताना बरण्या पुसल्या, सुटलेल्या दोन चिठ्ठ्या पुन्हा चिकटवल्या. स्टेशनवर गाडी सुटताना त्यांना म्हणाले, "साखर पाचवी." ते म्हणाले, "प्रकृतीला जप." मी म्हटलं, "ऐकलंत का, पाचवी." ते हसले. गाडी हलली.

पाच महिन्यांनी मी बाळाला घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत आले. दमले होते. तरी पाय धुऊन आधी गेले ती स्वयंपाकघरात. फळी पाहिली आणि तिथेच उभी राहिले. चिठ्ठ्या नव्हत्या. बरण्यांची झाकणं उघडून पाहिली. डाळ, रवा, साखर, गूळ, मीठ. हळद खिडकीत. तिखट चुलीमागे. जे मी फक्त मनात लावलं होतं, ते स्वयंपाकघर माझ्यासमोर उभं होतं.

"मीच लावलं," आत्याबाई मागून म्हणाल्या. "तू न्हाईस, तुझ्या नवऱ्याचं हाल नकोत म्हटलं. त्याला सोपं जावं म्हणून पहिल्यासारखं केलं. मीठ मात्र तुझ्यासारखं कांडून भरलंय. तुझी तेवढी रीत मला पटली."

मी बरण्यांची झाकणं पुन्हा बसवली. बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेले. एवढीच माझी पाच महिन्यांची किंमत, असं मला वाटलं. मी गाडीत बसले आणि घराने तिला परत बोलावून घेतलं. रडले नाही, पण झोपेपर्यंत तोंड भिंतीकडेच होतं.

सकाळी भोंग्याच्या आवाजाने जाग आली. बाळ पीत होतं. स्वयंपाकघरातून आधण उकळल्याचा, मग बरणीचं झाकण ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तुमचे आजोबा माझा चहा घेऊन आले, माझ्या हाताशी ठेवला आणि उभेच राहिले. मी एक घोट घेतला.

खारट. तोंड वाकडं व्हावं इतका.

ओटीवरून आत्याबाईंचा आवाज आला. त्यांच्यासमोरही भांडं होतं. "झालं! आजबी तेच! पाच महिने झाले, बाई, सांगून सांगून दमले. तिसरी, बाळ, तिसरी साखर, पहिल्यासारखी! पर ह्याचा हात जातो तो थेट पाचवीला. चिठ्ठ्या काढल्या तरी पाचवीलाच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ओशाळून माझ्याकडे पाहत होते.

"पुन्हा चुकलं का?" त्यांनी विचारलं. "पाचवीतलंच घेतलं. तू सांगितलं होतंस की."

मी तो चहा सगळा प्यायले. थेंब ठेवला नाही. ते म्हणत होते, 'अगं, टाक तो, दुसरा करतो,' आणि मी पीत होते. मला आयुष्यात तसा चहा परत मिळाला नाही.

पण पेला खाली ठेवता ठेवता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. मी समोर होते तोवर त्यांच्या हातात ती होती. मी निघून गेले तेव्हा त्यांच्या हातात मी आले. तिचंही तसंच झालं असणार. ती चटईवरून ओरडत होती तेव्हा यांनी पाच वर्षांत किती वेळा तिचा चहा खारट केला असेल, कोण जाणे. म्हणजे मी जिंकले नव्हते. आम्ही दोघी बरोबरीत आलो होतो, एवढंच. आणि तिला परत येऊन तो चहा प्यायला मिळाला नाही, मला मिळाला. त्या दिवशी प्रथमच मला तिच्याबद्दल काहीतरी वाटलं. फार नाही. थोडंसं.

न्हाऊन झाल्यावर मी बरण्या पुन्हा लावल्या. साखर पाचवीत, नव्या चिठ्ठ्यांसकट. आत्याबाई म्हणाल्या, "आन तिसरी?" तिसरी मी रिकामी ठेवली. तुमच्या बापाला पुढे वाटायचं की आईने मोठ्या मनाने ती कुणाच्या आठवणीसाठी ठेवली आहे. तसं काही नव्हतं. तिच्यात काही भरलं तर त्यांचा हात पुन्हा तिकडे वळेल, ही मला भीती होती. मीठ मी गुळाच्या शेजारी एका लहान दगडी भांड्यात ठेवलं आणि वर्णक्रम मोडला तो मोडलाच.

ती बरणी अजून आहे. चहाच्या पुड्याचे कागद मात्र ते असेपर्यंत अखंडच निघत राहिले, आणि ते कुठे ठेवतात हे मी कधी विचारलं नाही.

तर तुझ्या मटारांचं. पुठ्ठ्याचं खोकं तसंच पाण्यात सोडणारा माणूस मूर्ख असेलच असं नाही. त्याच्या आईकडे, किंवा तुझ्या आधी आणखी कुणाकडे, खोक्याच्या जागी कापडाची पुरचुंडी असेल आणि ती तशीच सोडायची रीत असेल. त्याला एकदा विचारून पाहा, ते कुणी शिकवलं.

किंवा नकोच विचारू.